काठाची नोंद

तव्यावर भाकरी असेल तर ती आधी उलटा आणि मग आमच्याकडे कान द्या. आज बोलायचंय ते आपल्या पाण्याच्या काठाबद्दल.

आपले जुन्नर आणि आंबेगाव म्हणजे धरणांचे तालुके. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं आपल्याच दोन तालुक्यांत आहेत. पाणी पार शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं, पण काठ आपल्याकडे राहतो. त्या काठावर आपण धुणं धुतो, गुरं पाजतो, मासे विकतो. रविवारी शहरातली माणसं येऊन फोटो काढतात आणि आपल्या हातचा चहा नि भाजलेलं कणीस खातात. आपली पोरंही परीक्षा संपली की तिथंच जाऊन बसतात. तिकीट नसलेली, सगळ्यांची अशी ही जागा.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि या सगळ्यांच्या जागेचं खूप काही मोडून गेलं. ते पुन्हा उभं करताना आम्हाला जे कळलं, ते सांगायला आम्ही आलो आहोत. पण त्यासाठी जरा मागं जावं लागेल. थोडंथोडकं नाही, चांगलं सतराशे-अठराशे वर्षं मागं.

लच्छिनिकेची पोढी

जुन्नरच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. लेण्याद्रीला गणपतीच्या दर्शनाला आपण जातो, तेव्हा वाटेत दगडात कोरलेली पाण्याची टाकी दिसतात. आपण वाकून पाणी बघतो आणि पुढं जातो. त्या काळच्या लेखांत अशा टाक्याला पोढी म्हटलंय. लेण्यांसाठी व्यापाऱ्यांनी, सोनारांनी, साध्या गृहस्थांनी दानं दिली आणि कुणी काय दिलं ते दगडावर कोरून ठेवलं.

त्यात एका पोढीच्या दानावर लच्छिनिका नावाच्या बाईचं नाव आहे. नाणेघाटातल्या लेखामुळं सातवाहनांची राणी नागनिका आपल्याला ठाऊक असते. लच्छिनिका काही राणी नव्हती. कुणाची तरी बायको, कुणाची तरी लेक. तिनं वाटसरूंसाठी, भिक्षूंसाठी पाण्याची सोय केली आणि ती नोंदवली गेली. म्हणून इतक्या वर्षांनी आपण तिचं नाव घेऊ शकतो.

पुढच्या काळातही पाण्याच्या जागा बांधल्या गेल्या. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत, बदामी तलाव आहे. मंचरला जुनी बारव आहे. कुकडी जिथून निघते तिथं, पूरला, कुकडेश्वराचं जुनं देऊळ आहे. पाणी आणि त्याच्याजवळ टेकायला जागा, असंच आपल्याकडे होत आलंय. वाटसरूनं पाणी प्यावं, घटकाभर बसावं, मग निघावं. आज सरकारी कागदात पर्यटन असा शब्द असतो, पण बसायच्या जागेची गरज तेव्हापासूनची आहे.

गाव गेलं आणि काठ आला

धरणाचा काठ मात्र बारवेसारखा नसतो. बारव कुणीतरी बांधून देतं. धरणाचा काठ आपल्याकडे आला तो गावं आणि शेतं पाण्यात गेल्यावर.

डिंभे धरण घोड नदीवर आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलंय. बाबू गेनू आपल्याच महाळुंगे पडवळचे. 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना ते गेले. त्यांच्या नावाच्या या पाण्यात साडेतेरा टीएमसी साठा मावतो. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव पडलं, ते जुनं आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. तालुक्याचं नाव राहिलं आणि गाव गेलं. उन्हाळ्यात पाणी खाली उतरलं की जुने अवशेष वर येतात. आमच्या गटातल्या आजी अशा वेळी बोट दाखवून सांगतात, "इथं आमची पड होती. तिकडं, त्या दगडापाशी."

उठवलेल्या माणसांनी नव्या काठावरच पोट भरायची वाट शोधली. जलाशयात मासेमारी सुरू झाली. आदिवासी मच्छीमारांनी सहकारी संस्था उभी केली. त्या कामात शाश्वत संस्थेच्या कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी साथ दिली. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर लोकांनी पिकं घेतली. डोंगर उतारावर एकमेकांच्या मदतीनं भातखाचरं बांधायची आपली जुनी पडकई पुन्हा चालू झाली. म्हणजे काठ आपल्याला कुणी आंदण दिला नाही. जमीन देऊन, वर घाम गाळून तो आपला झाला. कागदावर मात्र बऱ्याच ठिकाणी तो आपला नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण वादळात नेमकी तीच नडली.

3 जून

2020 चा उन्हाळा आठवतो ना? टाळेबंदी होती, बाजार बंद होते, मुंबईला हमाली करणारी आपली माणसं पायी गावाकडे आली होती. शहरांत बागा आणि मोकळ्या जागा सकाळ-संध्याकाळ फिरायला उघडण्याची परवानगी सरकारनं दिली, ती नेमकी 3 जूनपासून. त्याच दिवशी दुपारी वादळ रायगडात श्रीवर्धन, दिवेआगरच्या बाजूनं जमिनीवर आलं. किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. दिवेआगर, श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या.

मग ते घाट चढलं. ज्या सह्याद्रीतून एकेकाळी नाणेघाटानं कोकणातला माल वर यायचा, त्या सह्याद्रीवरून त्या दिवशी वादळ वर आलं. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर. इथं पोचेपर्यंत जोर कमी झाला होता. पण आपली घरं आणि झाडं अशा वाऱ्याची सवय नसलेली. कौलं उडाली, पत्रे उडाले, शाळांची छपरं गेली. विजेचे खांब वाकले. पॉलिहाऊसचे कागद फाटून उसात जाऊन अडकले. झाडावरचा आंबा खाली आला.

पश्चिम भागात हिरड्याचं नुकसान झालं. बाळहिरडा वेचणं, वाळवणं आणि विकणं हे आपल्या आदिवासी बायांचं हक्काचं रोख उत्पन्न. त्यावर पावसाळ्याचा किराणा भरायचा, पोरांची पुस्तकं घ्यायची. फळ गळालं, ते तर गेलंच, पण कितीतरी झाडंही मोडली. हिरड्याचं झाड मोडलं म्हणजे पुढची कित्येक वर्षं मोडली.

आणि काठ? जून लागताना धरणं तळाला असतात. होड्या चिखलात ओढून ठेवलेल्या होत्या, त्या उलट्यापालट्या झाल्या. आमच्या काठावर एक मोठा उंबर होता. त्याच्या सावलीला आमच्या दोन गटांनी मिळून पत्र्याची शेड घातली होती. रविवारी तिथं चहा, पोहे, शेंगा, कणसं. उंबर मुळासकट उपटला आणि शेडवर पडला. माणूस कुणी नव्हतं हे नशीब. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर खाली बाकं, वर पत्रे आणि त्यावर झाड. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. आजींनी झाडाला हात लावला आणि गप्प बसून राहिल्या.

पंचनामा कशाचा होतो

पुढच्या दिवसांत पंचनामे सुरू झाले. घराचा पंचनामा झाला, कारण घराचा उतारा होता. बागेचा झाला, कारण सातबारा होता. शेडपाशी आल्यावर पहिलाच प्रश्न आला, "जागा कुणाच्या नावावर?" जागा धरणाची. मग शेड कुणाची? गटांची. कागद आहे? नाही. एका कचेरीत सांगितलं, ही आमची हद्द नाही. दुसऱ्या कचेरीत सांगितलं, झाड आमच्या यादीत नाही. झाड पडलेलं सगळ्यांना दिसत होतं, पण यादीत ते कधी उभंच नव्हतं.

रडत बसायला हे सांगत नाही. वादळानंतरचा पैसा कसा मोजला जातो ते कळावं म्हणून सांगतोय. निसर्ग वादळानंतर सरकारनं मदत वाढवली. फळबागेला हेक्टरी 18,000 ऐवजी 50,000 रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. पण कोकणात पोफळीच्या वाड्या गुंठ्यांत असतात. हेक्टरनं मोजलं तर हातात येतात चार पैसे. लोकांनी आवाज उठवला, तेव्हा झाडावर मदत ठरली. नारळाच्या झाडाला 250 रुपये आणि सुपारीच्या झाडाला 50. रक्कम किती पुरली तो वेगळा विषय. पण मोजायची रीत बदलली आणि ती लोकांनी बोलल्यामुळं बदलली.

आपला हिरडा तर त्याहून अवघड. तो ओळीत लावलेला नसतो. बांधावर एक, माळावर दोन, जंगलात पाच. त्याचं क्षेत्र काय सांगणार? हिरड्याच्या भरपाईसाठी आपल्या भागातल्या शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागला, मोर्चे काढावे लागले, उपोषणाला बसावं लागलं. वादळ एका दुपारचं होतं आणि त्याची भांडणं कितीतरी उन्हाळे चालली.

काठ पुन्हा उभा करताना

आता काम कसं केलं ते सांगतो. यात आमच्या चुकाही आहेत.

पहिली चूक म्हणजे घाई. झाड पडलंय, सरपण होईल म्हणून दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाडी घेऊन गेलो. तुटलेली तार फांद्यांत अडकलेली होती. वीज बंद होती म्हणून वाचलो. तेव्हापासून आमचा नियम असा की आधी तार बघायची, मग वर लोंबणारी फांदी बघायची आणि मगच खाली पाय ठेवायचा. वायरमन आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट झाडांची. पडलेलं प्रत्येक झाड मेलेलं नसतं. लहान झाड कललं असेल आणि एका बाजूची मुळं मातीत असतील, तर ते उभं करता येतं. मुळं वाळायच्या आत उघड्या मुळांवर ओलं गोणपाट टाकायचं, वरचा पसारा छाटायचा, खड्डा मोकळा करायचा, दोरानं हळूहळू ओढून उभं करायचं, माती दाबायची आणि तीन बाजूंनी टेकू द्यायचे. आम्ही अशी करंज आणि जांभळाची काही झाडं उभी केली. काही जगली, काही गेली. मोठा उंबर उठण्यातला नव्हता. पण वड आणि उंबर ही फांदीवरून येणारी झाडं आहेत. त्याच उंबराच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसात लावल्या. दोन धरल्या. आजी त्यांना उंबराच्या लेकी म्हणतात.

नवीन लावताना काय लावायचं यावर आमच्यात वाद झाला. पोरींना गुलमोहर हवा होता, फोटो छान येतात म्हणून. पण गुलमोहराची मुळं वरच्यावर पसरतात आणि लाकूड ठिसूळ, वाऱ्यात तो लवकर मोडतो. शेवटी जांभूळ, करंज, अर्जुन, उंबर असं ठरलं. आणखी एक समजलं, की धरणाची पूर्ण भरल्यावरची पाण्याची रेघ कुठं येते ते आधी बघायचं. उन्हाळ्यात काठ लांबलचक मोकळा दिसतो. तिथं खड्डे घेतले तर श्रावणात रोपं पाण्याखाली. आमची पहिली ओळ तशीच गेली.

तिसरी गोष्ट डोंगराची. काठावर गाड्या लावायला जागा हवी म्हणून वरचा उतार पोखरावा, असं कुणीतरी सुचवलं. आंबेगावात हे कुणाला समजावून सांगायला लागू नये. 30 जुलै 2014 ला माळीण डोंगराखाली गेलं आणि 151 माणसं गेली. नवी माळीण आमडेला वसली, पण गेलेलं माणूस परत आलं नाही. उताराला हात लावायचा नाही, गाड्या लांब लावून लोकांनी चालत यावं, असं आम्ही ठरवलं. पन्नास पावलं चालल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

चौथी गोष्ट मजुरीची. काठ साफ करायचा म्हटलं की सगळ्यांना बचत गट आठवतो. "ताई, तुमच्या बाया आणा, श्रमदान करू." एक दिवस ठीक आहे, काठ आपलाच आहे. पण रोज फुकट राबायचं, आणि जागा चांगली झाली की गाड्यांचा आणि स्टॉलचा ठेका भलत्याच माणसानं घ्यायचा, असं होता कामा नये. झाडं लावणं आणि जगवणं ही कामं रोजगार हमीत बसतात. मागणीचा अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. आपल्या महाराष्ट्रानं हा कायदा 1977 मध्येच केला, देशानं 2005 मध्ये. तो वापरायचा.

दुसऱ्या गावच्या काठांवर

असा प्रसंग आपल्यावरच आला असं नाही. आपल्या वादळाच्या दोन आठवडे आधी, 20 मे 2020 ला, बंगालमध्ये अम्फान चक्रीवादळ आलं. कोलकात्यात रवींद्र सरोवर नावाचा मोठा तलाव आहे. शंभरेक वर्षांपूर्वी खोदलेला, सगळ्या शहराचा फिरायचा, बसायचा काठ. तिथली कितीतरी जुनी झाडं उन्मळून पडली. सगळी तोडून लाकूड म्हणून न विकता, त्यातली काही पुन्हा उभी करण्याचं काम हाती घेतलं गेलं. आपण करंज उभा केला, तेच तिथं मोठ्या यंत्रांनी झालं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. 29 ऑगस्ट 2005 ला कॅटरिना वादळ आलं आणि न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं. तिथल्या सिटी पार्क नावाच्या मोठ्या सार्वजनिक बागेत, जिथं तळी आणि जुने वृक्ष आहेत, पाणी तुंबून राहिलं. हजारावर झाडं गेली. बागेचं उत्पन्न थांबलं म्हणून बहुतेक नोकरांना कमी करावं लागलं. तेव्हा आसपासचे लोक स्वतःची यंत्रं घेऊन गवत कापायला आले आणि येत राहिले. आधी कामापुरती बाग मोकळी केली, मग हळूहळू बाकीचं. श्रीमंत देशातही सुरुवात शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच केली. आपण त्याला इर्जिक म्हणतो.

वही

आता शेवटचं आणि कामाचं. आमच्या ग्रामसंघानं एक वही घातलीय. साधी, दोनशे पानी. वर लिहिलंय, काठाची नोंद.

त्यात काठावरचं प्रत्येक मोठं झाड आहे. कुठलं, कुठं उभं आहे, बुंध्याचा घेर किती, सावलीला कोण बसतं. गावातलं प्रत्येक हिरड्याचं झाड आहे, कोण वेचतं त्या बाईच्या नावासकट. बाप्याचं नाव नको, वेचणारीचं नाव. प्रत्येक होडी, प्रत्येक टपरी, पाण्याचा नळ, बाक. टपरी कधी घातली, किती खर्च आला, बिल कुठंय. मोबाइलवर फोटो, तारीख दिसेल असा. दर वर्षी मे महिन्यात, वादळ-पावसाच्या आधी, वही घेऊन काठावरून एक फेरी. आणि ही यादी ग्रामसभेपुढं वाचून ठरावात घ्यायची.

पश्चिमेकडची आपली बरीच गावं पेसा क्षेत्रात येतात, तिथं ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. वनहक्क कायदा 2006 चा आहे. हिरडा वेचण्याचा हक्क त्यात मागता येतो, सामूहिक दावा करता येतो. जुन्नर तालुक्याला 2018 मध्ये विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळालाय. उद्या काठासाठी पैसा येईल, आराखडे होतील. पिंपळगाव जोग्याला रोहित पक्षी बघायला, खिरेश्वराकडं हरिश्चंद्रगड चढायला माणसं येतातच, आणखी येतील. आराखडा करणारा विचारेल, इथं आधी काय होतं? तेव्हा पुढं करायला वही हवी.

वही म्हणजे सातबारा नव्हे, हे आम्हालाही ठाऊक आहे. उद्या पुन्हा वादळ आलं तर वही दाखवून लगेच चेक मिळेल असं आम्ही सांगत नाही. पण कचेरीत "झाड यादीत नाही" असं कुणी म्हणालं, तर आमच्या यादीत आहे, हा बघा ठराव, हा बघा फोटो, एवढं तर म्हणता येईल.

वहीच्या पहिल्या पानावर काय लिहायचं यावर बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं देवाचं नाव, कुणी म्हणालं गटांची नावं. आजींना लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, "पाण्यात गेलेल्या जागांची नावं लिवा आधी. ती तर कुठंच न्हाईत." मग त्यांनी सांगितली आणि आम्ही लिहीत गेलो. पडीचं नाव, पाणवठ्याचं नाव, जिथं बैल धुवायचे त्या डोहाचं नाव. दोन पानं भरली. खाली सांगणारीचं नाव आणि तिचा अंगठा घेतला.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या काठावर काय काय आहे ते लिहून आणा. धरण नसेल तर पाझर तलाव, तोही नसेल तर गावची विहीर आणि तिच्यावरचं झाड. आम्ही वाट बघतो. नमस्कार.